यंदा कोणती पद्धत?

जून महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आमच्या बडोद्याच्या गल्लीत सकाळी सातच्या सुमारास नेहमीचेच एक दृश्य दिसते. नवे गणवेश, अजून ताठ असलेली दप्तरे, गळ्यात अडकविलेल्या पाण्याच्या बाटल्या, आणि रिक्षावाल्याच्या हाकेसरशी घराघरांतून धावत सुटणारी मुले. आमच्या घरची दोन मुले त्या वेळी गॅलरीत उभी राहून ही गडबड पाहत असतात. त्यांना रिक्षा पकडायची नसते, कारण गेली चार वर्षे त्यांचे शिक्षण घरीच चालले आहे. तथापि शाळेचे वर्ष सुरू झाले की आमच्याही घरात वह्यांना कव्हरे घातली जातात, पेन्सिलींना टोके काढली जातात आणि नव्या वर्षाचा आरंभ प्रार्थनेने होतो.

यंदा उन्हाळ्यात एका रविवारी उपासना संपल्यावर आमच्या मंडळीतील एक वयोवृद्ध गृहस्थ, जे पूर्वी मुख्याध्यापक होते, मला म्हणाले, “बाई, यंदा कोणती पद्धत?” त्यांच्या प्रश्नात उपहास नव्हता. मीही सरळ उत्तर दिले: गणिताला थोडे मॉन्टेसरीचे साहित्य, थोडे पाठांतर, इतिहासाला चांगली पुस्तके व तोंडी कथन, थोरलीला काही विषयांत सरकारी पाठ्यपुस्तक, आणि विज्ञानाला पुष्कळसे अंगण. त्यांनी सारे शांतपणे ऐकले व ते म्हणाले, “म्हणजे पद्धत अशी नाहीच.”

हे वाक्य मला सबंध उन्हाळाभर पुरले. याकोबाच्या पत्रात संशयी मनुष्याला वाऱ्याने लोटलेल्या लाटेची उपमा दिली आहे, ती मला वारंवार आठवू लागली. आपण ज्या संस्कारांत वाढलो त्यांत स्थिरता हा सद्गुण मानला जातो. नांगराला हात घालून मागे पाहणाऱ्याविषयी प्रभूने काय म्हटले ते वाचकांस ठाऊक आहेच. मग जी आई दरवर्षी शिकविण्याची रीत बदलते, किंबहुना एकाच वर्षात चार रीती एकत्र करते, तिच्या अंगी निष्ठेचा अभाव आहे असे म्हणावयाचे काय? प्रश्न दिसतो शिक्षणशास्त्राचा. माझ्या मते तो नीतीचा आहे, कारण ज्याच्यावर हे सारे प्रयोग होतात ते मूल आपणहून त्यास संमती देऊ शकत नाही.

घरी शिकविण्याचा निर्णय आम्ही कोणत्याही तत्त्वासाठी घेतला नव्हता, हे प्रथमच कबूल केले पाहिजे. यजमानांची नोकरी रेल्वेची. सुरत, रतलाम, बडोदे अशा बदल्या झाल्या आणि थोरल्या मुलीने तिसरी संपेपर्यंत तीन शाळा व दोन माध्यमे पाहिली. धाकटा उशिरा वाचू लागला. ज्या शाळेत तो होता तेथे त्याला शेवटच्या बाकावर बसवीत. दोन महिन्यांत तो घरी येऊन बोलेनासा झाला. मी लग्नापूर्वी शिक्षिका होते. एक वर्ष घरी शिकवून पाहावे, पुढचे पुढे पाहू, एवढाच आमचा विचार होता.

ज्या शहरात आम्ही हा विचार केला त्याचा इतिहास मात्र आमच्या विरुद्ध साक्ष देतो. सक्तीचे प्राथमिक शिक्षण हिंदुस्थानात प्रथम प्रत्यक्षात आणणाऱ्यांत सयाजीराव गायकवाडांचे नाव अग्रभागी आहे. १८९३ साली अमरेली भागात त्यांनी हा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सबंध बडोदे संस्थानास लागू झाला. मुले शाळेत न पाठविणाऱ्या पालकांस दंडही होत असे. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी, १ एप्रिल २०१० पासून, शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शाळेत दाखल करणे हे त्या कायद्याच्या दहाव्या कलमाप्रमाणे पालकांचे कर्तव्य आहे. पालकांसाठी त्यात शिक्षा सांगितलेली नाही, आणि घरी दिल्या जाणाऱ्या शिक्षणाचा उल्लेखही नाही. या मौनाच्या आधारानेच आमच्यासारखी कुटुंबे वावरतात. अशा घरांतील अनेक मुले पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षेस बसतात. चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर तेथे दहावीची परीक्षा देता येते.

कायद्याचा मजकूर वाचताना एक गोष्ट मला फार टोचली. त्यात हक्क म्हटला आहे तो बालकाचा. पालकाच्या वाट्याला आहे ते कर्तव्य. घरी शिकविणाऱ्या आम्हां मंडळींच्या बोलण्यात ‘आमचे स्वातंत्र्य’, ‘आमची निवड’ असे शब्द सारखे येतात. वास्तविक आम्ही मालक नसून कारभारी आहोत, आणि कारभाऱ्याचे स्वातंत्र्य हे नेहमी हिशेब देण्याच्या अटीवर असते.

माझा हिशेब असा. पहिल्या वर्षी मी घरात शाळाच मांडली. भिंतीवर वेळापत्रक, चाळीस मिनिटांचा तास, आणि सांगावयास लाज वाटते, पण टेबलावर पितळेची एक घंटासुद्धा! मुलगा शाळेत जसा मुका झाला होता तसाच माझ्यासमोरही मुका राहिला. दुसऱ्या वर्षी शार्लट मेसन या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाईंचे लेखन माझ्या वाचनात आले. १८४२ ते १९२३ हा त्यांचा काळ. १८८६ साली त्यांचे घरच्या शिक्षणाविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि १८९२ मध्ये अँबलसाइड येथे त्यांनी शिक्षिका तयार करणारी संस्था काढली. लहान मुलांचे पाठ थोड्या मिनिटांचे असावेत. सारांशाच्या कोरड्या पुस्तकांऐवजी ज्याला विषयाची आवड आहे अशा लेखकाने लिहिलेले पुस्तक मुलाच्या हाती द्यावे. उतारा एकदाच वाचावा आणि मुलाने तो आपल्या शब्दांत सांगावा. मुलांनी बाहेर हिंडावे व पाहिलेले वहीत चितारावे. मी भारावून गेले. घंटा अडगळीत गेली. थोरली तर या रीतीने फुलूनच आली. एकदा ऐकलेला प्रसंग ती अशी सांगे की ऐकताना माझे हातातले काम थांबे.

धाकट्याचे मात्र तसे झाले नाही. एकदा ऐकून सांगणे त्याला जमेना. उतारा संपला की तो माझ्या तोंडाकडे पाही. शेवटच्या बाकावरची तीच नजर. मी पद्धतीच्या पुस्तकात पुनःपुन्हा पाही की माझे कोठे चुकते आहे. तब्बल आठ महिने मी पुस्तकात पाहिले, मुलाकडे पाहिले नाही. पद्धतीशी निष्ठा ठेवण्याचे माझे सर्वांत शुद्ध वर्ष हेच होते.

त्याला पाढे कसे आले ती हकिकत सांगितली पाहिजे. पाठांतर या गोष्टीला मी मनातून निषिद्ध ठरविले होते. आमच्या घरी गुजराती चालीप्रमाणे झोपाळा आहे. सासूबाई दुपारी त्यावर बसतात. नातू शेजारी जाऊन बसे. त्या आपल्या मिशनच्या बोर्डिंगातील चालीवर, झोपाळ्याच्या ठेक्यात, पाढे म्हणत. मला वाटे, म्हाताऱ्या माणसाचा विरंगुळा आहे, असो. एके दिवशी स्वयंपाकघरातून मी ऐकले, सतराचा पाढा दोन आवाजांत चालला होता. ज्याला एक परिच्छेद सांगता येत नव्हता तो मुलगा झोपाळ्याच्या हेलकाव्यावर सतरा नव्वे त्रेपन्नासे म्हणत होता. पुढे चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करून त्या पाढ्यांचा अर्थही त्याला दाखविता आला. पण आधी नाद आला, मग अर्थ. आणि मी ज्या क्रमावर पैज लावली असती तो बरोबर याच्या उलट होता.

यानंतर मी थोर शिक्षकांची चरित्रे निराळ्या नजरेने वाचू लागले. प्रत्येक पद्धतीचे अनुयायी आपापल्या गुरूच्या नावाने शपथा घेतात, आणि गुरूंचेही आपसांत जमत नव्हतेच. मेसनबाईंनी मॉन्टेसरी पद्धतीवर उघड टीका केलेली आहे. याच्या उलट आपल्या भागात काय घडले? भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर काढले. मॉन्टेसरीबाईंची तत्त्वे त्यांनी स्वीकारली. पण लहान मुलांना कल्पित कथा सांगण्याविषयी त्या बाई साशंक होत्या, तर गिजुभाईंनी गोष्टीला बालशिक्षणात मानाचे स्थान दिले. त्यांच्या सोबतीने काम केलेल्या आपल्या ताराबाई मोडक पुढे १९४५ साली बोर्डीला आल्या आणि १९५७ मध्ये अनुताई वाघांसह डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी पाड्यावर, घरांच्या अंगणात शाळा नेली. अंगणवाडी हा शब्द आपण आज सहज वापरतो त्याचे मूळ या कामात आहे. मोठी मुले गुरे राखावयास जात, म्हणून शाळाही गुरांमागे कुरणात गेली आणि तिला कुरणशाळा म्हणू लागले. महाग साहित्याच्या जागी बिया, शिंपले, पाने आली. मॉन्टेसरीच्या काटेकोर अनुयायास यात पुष्कळ दोष दिसले असते. ताराबाईंनी सोडले ते गौण होते, आणि धरून ठेवले ते मूल होते.

पंडिता रमाबाईंविषयी आपल्या वाचकांस मी नवे काय सांगणार? तरी त्यांच्या जीवनातील दोन गोष्टी शेजारी ठेवून आपण क्वचितच पाहतो. रमाबाईंची पहिली शाळा म्हणजे त्यांची आई लक्ष्मीबाई. घरकाम सुरू होण्यापूर्वी, पहाटे, त्या लहान मुलीला प्रेमाने उठवून त्या संस्कृत शिकवीत. हाती पुस्तक नसे, आईच्या मुखातून ऐकावयाचे व पाठ करावयाचे. रमाबाईंनी ही आठवण कृतज्ञतेने लिहून ठेवली आहे. पाठांतराच्या या परंपरेतून निघालेली स्त्री १८८६ साली अमेरिकेस गेली आणि तेथे तिने काय शिकून घेतले? फ्रोबेलची बालोद्यान पद्धत, जिच्यात खेळ, वस्तू, गाणी व हातांचे काम यांवर सारा भर! १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन निघाले. पुढे केडगावला दुष्काळातून आलेल्या मुलींसाठी पुस्तकी शिक्षणाच्या जोडीला विणकाम, छपाई, शेती आली. अंध स्त्रियांसाठी बार्तीमी सदन झाले, आणि त्यांना बोटांनी वाचता यावे म्हणून कन्या मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकल्या. यांना ‘तुमची पद्धत कोणती?’ असे कोणी विचारले असते तर काय उत्तर मिळाले असते, कोण जाणे.

बार्तीमयाचे नाव आले म्हणून आठवले. शुभवर्तमानांत प्रभू येशूने आंधळ्यांना दृष्टी दिल्याचे प्रसंग एकापेक्षा अधिक आहेत, आणि एकाची रीत दुसऱ्यासारखी नाही. बार्तीमयाला केवळ शब्द पुरला. बेथसैदा येथील मनुष्याला हाताला धरून गावाबाहेर नेले, आणि त्याला दोन टप्प्यांत दिसू लागले. मधल्या क्षणी त्याला माणसे चालत्या झाडांसारखी दिसली, तेव्हा त्याला दोष न देता पुन्हा स्पर्श करण्यात आला. योहानाच्या नवव्या अध्यायातील जन्मांधाला चिखल लावून शिलोहाच्या तळ्यावर पाठविले. यावरून शिक्षणशास्त्राचे नियम काढण्याचा माझा उद्देश नाही. मात्र ‘तुला आता काय दिसते?’ असा जो प्रश्न बेथसैदा येथे विचारला गेला, तो मी आठ महिन्यांत माझ्या मुलाला एकदाही विचारला नव्हता.

येथे थांबले असते तर लेख माझ्या सोयीचा झाला असता. परंतु गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात एक प्रसंग घडला. सासूबाई आजारी, घरी पाहुणे, यजमानांची रात्रपाळी. गणित दोन दिवस राहिले, मग आठवडा, मग तीन आठवडे. मुलांना मी सांगितले की आता काही दिवस आपण व्यवहारातून शिकू; बाजारहाट, स्वयंपाकातील मापे, हेही गणितच. बोलताना माझा स्वर फार आत्मविश्वासाचा होता. बारा वर्षांची थोरली भाजी निवडता निवडता म्हणाली, “आई, खरंच पद्धत बदलली, की तू दमलीस?”

मला उत्तर देता आले नाही. दमणे हे पाप नव्हे. दमलेल्या आईने ‘मी दमले आहे, आठवडाभर सुट्टी’ असे म्हणावे. मुलांना ते कळते. मी जे केले ते निराळे होते. माझ्या थकव्याला मी तत्त्वाचा झगा घातला होता. मुख्याध्यापकांच्या आक्षेपात सत्य असेल तर ते येथे आहे. लवचीकपणा हा शब्द फार दयाळू आहे. त्याच्या पांघरुणाखाली आळस, कंटाळा, नव्या वस्तूची हौस, दुसऱ्या कुटुंबाशी चढाओढ, सारे सुखाने झोपते.

तेव्हा दोहोंतील फरक ओळखावा कसा? मला एकच खूण सापडली आहे, आणि ती मला फारशी आवडत नाही. बदल माझ्या आवडीच्या विरुद्ध दिशेने होतो की आवडीच्या दिशेने, हे पाहावे. पाठांतर मला नको होते, पण मुलाला हवे होते. तो बदल खरा. व्यवहारातील गणित मला सोयीचे होते; त्याविषयी शंका घ्यावी. यंदा थोरलीने माझी आणखी परीक्षा पाहिली. तिला पाठ्यपुस्तक हवे आहे, मागे प्रश्न असलेले, सर्व मुलांकडे असते तेच, आणि तिमाहीला रीतसर लेखी परीक्षा. “मी कुठे आहे ते मला कळत नाही,” असे ती म्हणाली. ज्या मुलीच्या कथनावर मी लुब्ध होते ती गेले वर्षभर, माझा चेहरा वाचून, मला आवडेल असेच कथन करीत होती, हेही त्या संभाषणात उघड झाले. मला ते पुस्तक नीरस वाटते. ते आणले आहे.

एक आक्षेप मात्र असा आहे की ज्याचे मजजवळ पुरते उत्तर नाही. तो सासूबाईंचा. त्यांच्या वडिलांना गावच्या शाळेत वर्गाच्या दाराबाहेर बसावे लागे. पुढे ते मिशनच्या शाळेत गेले आणि तेथे प्रथमच इतर मुलांबरोबर एका बाकावर बसले; तो बाक हा त्या घराण्याच्या स्मृतीत एखाद्या वेदीसारखा आहे. आपल्या पूर्वजांपैकी कितीजणांची कथा हीच आहे! अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरार १८२७ साली मुंबईस आल्या त्या मुलींना शिकविण्यासाठी. त्यांची अहमदनगरची शाळा जोतीराव फुले यांनी पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात स्वतःची मुलींची शाळा काढली. शाळेचे दार उघडावे म्हणून ज्यांनी आयुष्ये वेचली त्यांच्या वारसांनी आपली मुले त्या दारातून परत आणावीत काय? “आम्हांला आत बसू द्या म्हणून माझा बाप रडला,” सासूबाई पहिल्या वर्षी म्हणाल्या होत्या, “आणि तुम्ही हातानं बाहेर काढता!” त्यानंतर त्या विषयावर बोलल्या नाहीत, त्यांनी नातवाला झोपाळ्यावर घेतले.

मी असे म्हणू शकेन की मुलगा त्या बाकावर बसून मुका होत होता, आणि बाकाचे पावित्र्य राखण्यासाठी एका जिवाचा बळी देता येत नाही. हे खरे आहे. पण ज्यांच्या आया शिक्षिका नाहीत अशी किती मुले आजही शेवटच्या बाकावर मुकी बसली आहेत, आणि मी माझे मूल तेवढे उचलून आणले, हेही तितकेच खरे आहे. आमच्या इमारतीच्या रखवालदाराची मुलगी नगरपालिकेच्या शाळेत जाते. दुपारी ती आमच्याकडे चिंचोके मांडायला बसते. एवढ्याने ऋण फिटते असा भ्रम मला नाही. तिची आई मला ‘बेन’ म्हणून आदराने हाक मारते तेव्हा मला संकोच वाटतो. मुलगा चौदाचा होईतो त्याला पुन्हा शाळेत बसावेसे वाटले, तर त्या दिवशी मी आड येणार नाही असे मी सासूबाईंना सांगितले आहे. त्यांनी मान हलविली, एवढेच.

तर यंदाची व्यवस्था अशी ठरली. सकाळची प्रार्थना, रोजचे गणित आणि मराठी वाचन या तीन गोष्टी माझ्या मनःस्थितीवर सोडलेल्या नाहीत. त्या दररोज होतील. धाकट्याचे वाचन आता बरे चालते, तरी लांब उतारा त्याला आधी ऐकवावा लागतो, आणि तो कथनाऐवजी चित्र काढून दाखवितो. बाकीचे मोकळे आहे. शनिवारी दोघांना विचारावयाचे, या आठवड्यात काय दिसले, काय अंधुक राहिले.

पहिल्या सोमवारी रिक्षा निघून गेल्यावर आम्ही टेबलाशी बसलो. थोरलीने पट्टीने आखून स्वतःचे वेळापत्रक आणले होते. प्रत्येक वार, प्रत्येक विषय, कोणता पुस्तकातून, कोणता आजीकडे, सारे नीट लिहिलेले. गुरुवारचा शेवटचा रकाना मात्र कोरा होता. मी कारण विचारले. “तिथे पद्धत लिहायची की सुट्टी, ते तू सांग,” ती म्हणाली. मी तिच्या हातून पेन्सिल घेतली आणि त्या रकान्यात ‘सुट्टी’ असे लिहिले.